एका दिवसाच्या ट्रेकची सॅक: घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर

दुकानात जाण्याआधी घरी एक काम उरकून घ्या. एका दिवसाच्या ट्रेकला जे जे नेता ते सगळं चादरीवर मांडा आणि वजन करा. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात माणशी तीन लिटर पाणी लागतं, म्हणजे तीन किलो इथेच झाले. पावसाळ्यात दोन लिटरवर भागतं. डबा आणि सुका खाऊ मिळून पाऊण किलो. विंडचीटर, कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी आणि पॉवर बँक धरून दीड-पावणेदोन किलो. बेरीज साडेपाच किलोच्या आसपास जाते आणि एवढं सामान 22 ते 28 लिटरच्या सॅकमध्ये नीट बसतं. कॅमेरा किंवा ग्रुपचा दोर तुमच्याकडे असेल तर 30 लिटर घ्या, त्याच्या वर जाऊ नका. मोठ्या सॅकमध्ये एक तर नको ते सामान भरलं जातं, नाहीतर ती अर्धी रिकामी राहते आणि आतलं वजन चालताना इकडून तिकडे हलतं. सपाटीवर ते जाणवत नाही. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर पुरेपूर जाणवतं.

दुसरं माप पाठीचं. मान खाली वाकवल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथपासून, कमरेवर दोन्ही हात ठेवल्यावर अंगठे पाठीमागे जिथे येतात त्या रेषेपर्यंत, कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या. सेंटिमीटरमधला हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. छोट्या सॅक बहुतेक एकाच मापात येतात, त्यामुळे हे माप न घेता ऑनलाइन मागवलेली सॅक हमखास चुकते: बुटक्या माणसाचा कंबरपट्टा मांडीच्या सांध्याशी लोंबतो आणि उंच माणसाच्या पोटावर चढतो. दोन्ही वेळा सगळा भार खांद्यांवरच राहतो.

पैशांचं गणितही घरीच करा. हजाराच्या आतली सॅक कॉलेजला चालते, पण डोंगरात तिची चेन किंवा पट्टा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच जातो. एका दिवसाच्या ट्रेकसाठी आमच्या मते दीड ते साडेतीन हजारांच्या टप्प्यात उत्तम माल मिळतो. पाच हजारांच्या पुढे गेलात की जास्तीचे पैसे कमी वजनाचे आणि आतल्या फ्रेमचे असतात, टिकाऊपणाचे नव्हेत. पाच-सहा किलोला फ्रेमची गरज नाही.

परदेशी साइटवर शिकारीसाठी म्हणून ज्या डे-पॅक विकायला असतात, त्या मजबूत दिसतात म्हणून इथले काहीजण मागवतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तो प्रश्नच नाही. मुद्दा त्या सॅकच्या घडणीचा आहे. जनावराला चाहूल लागू नये म्हणून त्यातल्या बऱ्याच सॅकचं कापड मऊ, लवदार असतं. असं कापड सह्याद्रीच्या पावसात पाणी पितं आणि वाळता वाळत नाही. शिवाय बंदूक किंवा धनुष्य अडकवायला आणि मांस वाहून आणायला दिलेले जादा पट्टे म्हणजे आपल्यासाठी नुसतं वजन. रस्त्यावर मिळणाऱ्या ‘मिलिटरी’ छापाच्या सॅकचंही हेच: बाहेर शिवलेल्या पट्ट्यांच्या रांगा करवंदीच्या जाळीत अडकायलाच असतात.

आता दुकानात. जाताना एक-एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या आणि एक जॅकेट बरोबर न्या. रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात बघण्याला काही अर्थ नाही.

कापडाच्या पट्टीवर 210, 420, 600 असे डेनियरचे आकडे असतात. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. पण 600 डेनियरचं पॉलिएस्टर हे 420 डेनियरच्या नायलॉनपेक्षा भारी असं समजू नका. घासण्याला नायलॉन जास्त पुरून उरतं. पॉलिएस्टर उन्हाला जास्त टिकतं आणि पाणी कमी शोषतं. अंगाला 210 ते 420 चं नायलॉन किंवा 600 चं पॉलिएस्टर आणि बुडाला त्याहून जाड कापड किंवा दुहेरी थर, एवढं असलं की पुरे. बुडाकडे विशेष लक्ष द्या. कातळटप्पा उतरताना माणूस बसून घसरतो तेव्हा सॅकचं बूड बेसॉल्टवर घासत येतं, आणि सॅक जमिनीवर टेकवली जाते तीही त्याच दोन कोपऱ्यांवर. कापडात बारीक चौकटी दिसत असतील तर ते रिपस्टॉप. काट्याने पडलेलं भोक त्या चौकटीतच थांबतं, पुढे फाटत जात नाही.

कापडाची चौकशी मात्र इथेच थांबवा, कारण सॅक मध्येच फाटली असं क्वचित होतं. ती जाते जोडांवर: पट्ट्याची शिवण, चेन, बकल. तुमचा अर्धा वेळ तिथे गेला पाहिजे.

खांद्याचा पट्टा वरच्या बाजूला जिथे पाठीत शिरतो ती जागा बोटांनी उघडून बघा. तिथे एकावर एक दाट, आडव्या टाक्यांची छोटी पट्टी दिसली पाहिजे. तिला बारटॅक म्हणतात. काही कंपन्या त्याऐवजी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालतात, तीही चालते. एकेरी सरळ शिवण असेल तर सॅक परत ठेवा, बाकी काही बघू नका. मग तीन बाटल्या आत घाला, सॅक एकाच पट्ट्याने उचला आणि दोन-तीन झटके द्या. झटक्यासरशी टाके एकमेकांपासून ओढले जाऊन मधून धागा ताणलेला दिसला, तर धागा बारीक आहे किंवा टाके लांब आहेत. हीच परीक्षा वरच्या हँडलची घ्या, कारण टप्प्यावर सॅक वर ओढून घ्यायची वेळ आली की सगळं वजन त्याच्यावरच येतं. खांद्याच्या पट्ट्याचं खालचं टोक बगलेच्या बाजूला एका तिकोनी कापडातून येतं; हा तिकोन कडेच्या शिवणीत खोलवर गेलेला हवा.

नंतर सॅक उलटी करून आतल्या शिवणी बघा. कापडाच्या कापलेल्या कडांवर गोट, म्हणजे पट्टीची पायपिंग, शिवलेली असावी. कडा उघड्या असतील आणि धागे सुटलेले दिसत असतील, तर वर्षभरात ते सुटत सुटत शिवणीपर्यंत पोहोचतात आणि मग शिवण कापडातूनच निसटते. अशी सॅक दुरुस्त करणंही अवघड, कारण टाका धरायला कापडच उरत नाही.

चेन बघताना रनरच्या पाठीवरचा आकडा वाचा. मोठ्या कप्प्याला 8 किंवा 10, बाहेरच्या छोट्या कप्प्यांना 5. मोठ्या कप्प्यालाच 5 नंबरची चेन असेल तर ती भरलेल्या सॅकचा ताण फार दिवस सोसत नाही. नायलॉनच्या सलग वेटोळ्याची चेन घ्या, सुट्या प्लॅस्टिक दातांची नको: वेटोळ्याची चेन मध्येच उसवली तर रनर मागे नेऊन पुन्हा ओढला की बसते, पण दाताच्या चेनचा एक दात गेला की ती कायमची गेली. वायकेके या चेन बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का असला तर बरंच, पण शिक्क्याची नक्कल होते, त्यामुळे हाताने बघाच. सॅक गच्च भरून, एका हाताने, कोपऱ्यावरून चेन फिरवा. कोपरा फार तीव्र असेल तर रनर तिथे अडतो. वरची पावसाची झडप दर वेळी दातात सापडत असेल, तर ती अंधारात आणि घाईतही सापडणारच.

बकलला नखाने वाकवून बघा. चांगलं प्लॅस्टिक थोडं लवतं, हलक्या प्रतीचं कडक आणि चकचकीत असतं आणि मोटरसायकलवरून सॅक पडली की तडकतं. पट्टे पूर्ण ताणून, बाटल्यांसकट दहा मिनिटं दुकानात फिरा. या वेळात पट्टा बकलमधून आपोआप सैल होत असेल तर डोंगरात दर अर्ध्या तासाने तो ओढत बसावं लागेल. छातीचा पट्टा वर-खाली सरकवायची सोय असते. सरकत सरकत तो टोकाशी निघून हातात येतो का, तेही बघा. अनेक सॅकचा छातीपट्टा असाच हरवतो आणि त्याबरोबर बकलमधली शिट्टीही. ती शिट्टी एकदा वाजवून घ्या, सगळ्याच वाजत नाहीत.

खांद्याच्या पट्ट्यातला फोम अंगठ्याने जोरात दाबा. बोट पार पलीकडे टेकलं, किंवा सोडल्यावर खड्डा तसाच राहिला, तर तो सहा महिन्यांत पापड होईल. पाठीला ताणलेली जाळी असलेल्या सॅकचा मोह उन्हाळ्यात होतो. हवा खेळते हे खरं, पण जाळीमुळे वजन पाठीपासून काही इंच मागे जातं. कळसूबाईच्या वाटेला चालेल. अलंग-मदनसारख्या ठिकाणी, जिथे छाती कातळाला लावून चढायचं असतं, तिथे तेच वजन मागे खेचतं. आम्ही पन्हाळी पाडलेल्या साध्या फोमच्या पाठीला पसंती देऊ.

सेलमधली सॅक स्वस्त मिळत असेल तर टॅगवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. कापडाच्या आतून पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा जो थर दिलेला असतो, तो दमट हवेत हळूहळू विघटित होतो, वापर असो वा नसो. आत हात घालून कापड चोळा, वास घ्या. चिकट लागलं, आंबूस वास आला किंवा बोटाला पांढरट कोंडा लागला, तर थर मेला आहे. निम्म्या किमतीतही ती नको. रंग भडक घ्या, केशरी किंवा लाल. धुक्यात कोकणकड्याच्या बाजूला मागचा माणूस दिसावा एवढं साधं कारण आहे. बाहेरच्या खिशांची संख्या मोजू नका. एक वरचा, दोन बाजूचे, बास. बाजूचे खिसे ताणल्या जाणाऱ्या जाळीचे असले तर करवंदीचे काटे ते एकाच मोसमात फाडतात. कापडाचे आणि तळाला पाणी निथळायला भोक असलेले बघा.

आता पावसाची तयारी. कुठलीही साधी सॅक पूर्ण जलरोधक नसते, कारण पाणी कापडातून नाही तर शिवणीच्या भोकांतून आणि पाठीकडून शिरतं. रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही. पोंचो नसेल तर मानेवरून ओघळलेलं पाणी थेट आत जातं. म्हणून आतून कचऱ्याच्या जाड, मोठ्या काळ्या पिशवीचं अस्तर घाला, सगळं सामान त्यात भरा आणि तोंड पीळ देऊन खाली दुमडा. एक पिशवी जादा ठेवा. फोन आणि कोरडे कपडे त्यातही वेगळ्या पिशव्यांत. रेनकव्हर वापरायचं तर त्याच्या तळाला पाणी जायला भोक आहे का आणि सॅकला अडकवायला पट्टी आहे का हे बघा. भोक नसेल तर तळाशी अर्धा लिटर पाणी साठतं, पट्टी नसेल तर धारेवरच्या वाऱ्यात कव्हर दरीत जातं.

भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, दोन खांद्यांच्या मधल्या उंचीवर. हलकं सामान खाली आणि बाहेरच्या बाजूला. कातळटप्पा असेल त्या दिवशी बाटल्या बाजूच्या खिशातून काढून आत टाका. वरच्याच्या खिशातून निसटलेली भरली बाटली खालच्याच्या डोक्यात बसते, आणि हे होऊ न देणं सर्वस्वी आपल्या हातात आहे. खाऊ बाहेरच्या खिशात ठेवू नका. गडावरच्या माकडांना चेन उघडता येते आणि नाही आली तर ती फाडतात. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून रबराने बांधा, विशेषतः बाइकवर जाणार असाल तर, नाहीतर ती चाकात ओढली जातात.

घरी आल्यावर सॅक तशीच माळ्यावर टाकलीत तर वरची सगळी मेहनत फुकट. कप्पे उलटे करून माती झटका, सगळ्या चेन उघड्या ठेवून सॅक उलटी टांगा आणि पंख्याखाली सावलीत दोन दिवस वाळू द्या. खांद्याच्या पट्ट्यांवर घामाचं मीठ साचलं की कापड कडक होऊन मान सोलते, त्यामुळे तेवढा भाग दर ट्रेकनंतर साध्या पाण्याने धुवा. पूर्ण सॅक मोसमातून एकदाच, कोमट पाण्यात, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने. वॉशिंग मशीनमध्ये आतला थर सुटतो, गरम पाण्यानेही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमटपणा आतच कोंडतो.

चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा आणि दातांवर मेणबत्ती घासा. बारीक वाळू रनरला आतून झिजवते आणि मग रनर पुढे गेला तरी मागे चेन उघडीच राहते. असं झालं की बहुतेक लोक पूर्ण चेन बदलतात किंवा सॅकच टाकून देतात. त्याची गरज नसते. पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की तात्पुरतं काम होतं, आणि त्याच नंबरचा नवा रनर बॅग दुरुस्तीवाल्याकडे थोडक्या पैशांत बसवून मिळतो. पट्ट्याची शिवण उसवू लागली तर दोन-चार टाके गेल्यावरच न्या. तिथे सांगायचं एवढंच: सुती धागा नको, जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा घाला, आणि नवी शिवण जुन्या भोकांवरून न घेता अर्धा सेंटिमीटर आत घ्या. हे काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये त्याच्याकडे छत्र्यांची आणि दप्तरांची रांग लागलेली असते.