रिटायर फायरमन आणि पोलिसांची मेडिकलची फाइल कशी लावायची

पहिलं बघा माणूस कोणाचा. मुंबईत फायर ब्रिगेड महापालिकेची आणि पोलिस राज्य सरकारचे, त्यामुळे फायरमन काकांचं काम जिथे झालं तिथेच शेजारच्या हवालदार काकांचंही होईल असं धरून बसू नका, ऑफिसच वेगळं.

मग पेन्शनची ऑर्डर काढा आणि त्यातलं काकूंचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवा. ऑर्डरवर लक्ष्मीबाई, आधारवर नुसतं लक्ष्मी, घोडं इथेच अडतं. ही दुरुस्ती माणूस धडधाकट असतानाच उरका, ॲडमिट झाल्यावर कोण धावणार!

सत्तरी झाली असेल तर आयुष्मान कार्ड काढाच. २०२४ पासून ७० आणि पुढच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, वय आधारवरचंच धरतात, आणि नवरा-बायको दोघं सत्तरीचे असले तरी ५ लाख दोघांत मिळून बरं का. हॉस्पिटल यादीत आहे का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.

बिलं ओरिजिनल जपा, थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी मारा. आणि हो, नोव्हेंबरात हयातीचा दाखला.