इंजेक्शन देताना या चुका टाळा: माणसांना आणि जनावरांनाही

गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलेली सिरिंज मला अजूनही गावोगाव दिसते. सुईला वाळलेलं रक्त, आत मागच्या औषधाचा पांढरा थर. "गरम पाण्यानं धुतली की झालं," असं वर ऐकायला मिळतं. होत नाही. सुई नवी लावून सिरिंज तीच ठेवली तरी होत नाही, कारण रक्ताचा अंश सिरिंजमध्ये शिरतो आणि नव्या सुईतून पुढच्याच्या अंगात जातो. गुजरातेत मोडासा भागात २००९ साली हिपॅटायटिस बी पसरला, तो पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळंच.

टोचायचं कसं, हे सगळे विचारतात. इन्सुलिनच्या सिरिंजच्या टोपीचा रंग कोणी विचारत नाही. आपल्याकडं इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. नारंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या औषधासाठी. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना औषधाच्या दुकानात लाल टोपीची मिळाली नाही म्हणून नारंगी दिली. त्या नेहमीसारख्या २० च्या रेघेपर्यंत भरायच्या, अंगात जायचे ८ युनिट. पंधरा दिवस साखर वाढतेय म्हणून भात बंद, चहा बंद, घरात भांडणं! उलटी चूक तर जिवावरची: इन्सुलिनच्या पेनमधलं १०० युनिटचं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दर वेळी बघा.

रोज एकाच जागी टोचू नका. पोटावर कातडीखाली गाठ धरते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

आता माझी चूक. जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचतात, म्हणजे मराठवाड्यात ऐन उन्हात. लस गरम होऊ नये म्हणून मी बाटल्या थेट बर्फात पुरल्या. वाडीवर पोचलो तर दोन गोठलेल्या. वितळल्यावर हलवून ठेवल्या, तर थोड्याच वेळात गाळ तळाशी बसला. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. गोठली की वाया. बर्फ आणि बाटली यांच्यात कापड किंवा पुठ्ठा घाला. इन्सुलिनही फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.

शेळीला पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, टोचायची सवय मोडा. उस्मानाबादी करडाच्या मागच्या मांडीत मांस ते किती! सुई मज्जातंतूला लागली की ते पाय ओढायला लागतं. मान बरी. कातडीखालची लस असेल तर मानेची कातडी चिमटीत उचलून तंबूसारखी करा आणि सुई त्या पोकळीत घाला. दुसऱ्या बाजूनं बाहेर येत नाही ना, बोटानं चाचपा. मी एकदा अख्खा डोस केसांवर सांडलाय.

घरात उरलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक बैलाला देऊ नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. मेलेलं जनावर खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं त्यानं निकामी होतात. जनावर दुखण्यात असेल तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या क्रमांकावर फोन लावा.

टोचून झाल्यावर सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला जाऊ नका, बोटाला टोचते ती तेव्हाच. उकिरड्यावरही टाकू नका. शेणखतातून ती शेतात जाते आणि निंदणाऱ्या बाईच्या पायात सापडते. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा, भरला की दवाखान्यात द्या.

माणसाला वापरलेली सुई टोचलीच तर बोट पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं. आणि कालवडींना ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या रोगाची लस देताना हाताला टोचली, तर रिकामी बाटली सोबत न्या. त्या लशीत जिवंत जंतू असतात, हे डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.