छोटा अकूस्टिक अ‍ॅम्प घेताना वॉट शेवटी बघा

अकूस्टिक गिटारसाठी छोटा, उचलून नेता येईल असा अ‍ॅम्प घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न हमखास असतो, "किती वॉटचा आहे?" तो शेवटी विचारा. त्याआधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: गिटारमधून आवाज कसा बाहेर येतो, अ‍ॅम्प कुठे वाजणार आहे, आणि गिटारसोबत कुणी गाणार आहे का. एवढं ठरलं की समोर मांडलेले निम्मे डबे आपोआप बाद होतात.

सुरुवात गिटारपासून

गिटारच्या बुडाशी जॅक, म्हणजे केबल घालायचं भोक, आहे का ते बघा. असेल तर कडेला बटणांची पट्टी आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा आहे का ते बघा. कप्पा असेल तर आत प्रीअँप (गिटारचा कमकुवत सिग्नल बळकट करणारं छोटं सर्किट) आहे, म्हणजे कोणताही अकूस्टिक अ‍ॅम्प चालेल. काही गिटारींत प्रीअँप आणि बॅटरी पोकळीच्या आत लपवलेली असते, म्हणून आवाजाच्या भोकातून हात घालून चाचपून पाहा.

जॅक आहे पण बॅटरी कुठेच नाही, असं असेल तर सावध व्हा. ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीखाली, म्हणजे सॅडलखाली, नुसता पिएझो पिकअप (तारांच्या कंपनाची वीज करणारी पट्टी) बसवलेला असण्याची शक्यता जास्त. पिएझोतून वीज फार थोडी निघते, आणि अ‍ॅम्पच्या इनपुटचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) कमी असेल तर आधी खर्ज गळतो. पिकअपची धारिता ५०० पिकोफॅरड ते १ नॅनोफॅरड धरली, तर १ मेगओहमच्या इनपुटवर साधारण १६० ते ३२० हर्ट्झपासून खाली आवाज उतरायला लागतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झवर. म्हणजे खालच्या दोन-तीन तारांचा पाया अ‍ॅम्पमध्ये पोचण्याआधीच अर्धा संपलेला असतो. १० मेगओहमच्या इनपुटवर हीच मर्यादा १६ ते ३२ हर्ट्झवर जाते आणि प्रश्न मिटतो. उलट अशी गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली, की तो इम्पिडन्स १० किलोओहमच्या आसपास असल्यामुळे सगळाच आवाज पातळ आणि पत्र्यासारखा होतो. यात अ‍ॅम्प बदलून काही होत नाही. आधी पिएझोसाठीचा छोटा प्रीअँप घ्या, किंवा अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात इनपुट इम्पिडन्स किती लिहिला आहे ते वाचून मग ठरवा.

भोकात बसवायचा मॅग्नेटिक पिकअप असेल तर १ मेगओहम पुरतो. मात्र तो नायलॉनच्या तारांवर चालत नाही, त्याला स्टीलच्याच तारा लागतात.

दुकानात जाण्याआधी गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी बदला. उतरलेल्या बॅटरीवर जोरात वाजवलं की आवाज फाटतो, आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅम्पवर जातो. बहुतेक गिटारींत जॅकमध्ये केबल घातली की प्रीअँप चालू होतो, त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची.

इलेक्ट्रिकचा अ‍ॅम्प आणि ट्रॉली स्पीकर

घरात इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प असेल तर त्यावर भागवायचा मोह होतो. त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने मंद होतो, कारण फाटलेल्या आवाजाची धार झाकणं हेच त्याचं काम. अकूस्टिक गिटारची चमक, नखाचा आणि पिकचा स्पर्श, बराचसा त्याच्याही वर असतो. म्हणून अकूस्टिक अ‍ॅम्पमध्ये वेगळा ट्विटर किंवा वरपर्यंत पोचणारा स्पीकर लागतो. जाळीतून टॉर्च मारून बघा, लगेच कळतं.

ट्रॉली स्पीकरवर 'गिटार इनपुट' लिहिलेलं असतं. सोसायटीच्या हळदीकुंकवाला गाणी लावायला तो ठीक आहे. पण त्यावर छापलेले हजारो वॉट पीएमपीओचे (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) असतात, त्या आकड्याचा खऱ्या ताकदीशी काही संबंध नाही. फक्त आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा विचारा. दुकानदाराला तो सांगता आला नाही, तर तेच उत्तर समजा.

ब्लूटूथबद्दल गैरसमज बरेच आहेत. अ‍ॅम्पमधलं ब्लूटूथ फोनवरचा तानपुरा किंवा तबल्याचा ठेका लावण्यासाठी असतं, आणि त्यासाठी ते फार कामाचं आहे. गिटारचा आवाज ब्लूटूथने पाठवायला मात्र जाऊ नका. सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त उशीर होतो, आणि तार छेडल्यावर आवाज मागून आला की ताल सुटतो. गिटारसाठी वेगळे मिळणारे वायरलेस संच निराळे, त्यांचा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो.

आता वॉट

थोडं गणित करू. स्पीकरची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर ९० डेसिबल धरू. ३० वॉट दिले की १५ डेसिबल वाढतात, म्हणजे १ मीटरवर १०५. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणून ८ मीटरवर ८७ उरतात. हा झाला तारेवरच्या जोरदार फटक्याचा शिखर आवाज. सलग वाजवण्याची सरासरी त्याहून १० ते १२ डेसिबल खाली, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास. शांत बसलेल्या मंडळींना एवढं पुष्कळ झालं. पण गप्पा, कपबश्या आणि कॉफीचं यंत्र यांच्यात ते बुडून जातं.

आणि ३० चे ६० वॉट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला फरक जाणवतो, पण पैशाच्या मानाने फारच कमी. त्यापेक्षा मोठ्या व्यासाचा किंवा जास्त संवेदनशील स्पीकर अधिक देऊन जातो. घरच्या रियाजाला ५ ते १० वॉट भरपूर. वीस-पंचवीस जणांच्या घरगुती बैठकीला १५ ते ३०, गजबजलेल्या कॅफेला ६० च्या आसपास. उघड्या मैदानावर शंभर माणसं असतील तर छोट्या अ‍ॅम्पचा विचार सोडा आणि त्याची डीआय आउट (मिक्सरला सिग्नल देणारी जोडणी) मोठ्या साउंड सिस्टिमला द्या.

गच्चीवर वाजवणार असाल तर २००० चे ध्वनिप्रदूषण नियम लक्षात असू द्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहासारख्या जागा सोडल्यास ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि तिथे 'छोटासाच आहे' हे चालत नाही.

बॅटरी आणि वजन

बॅटरीवर चालणाऱ्यांत दोन घराणी आहेत: पेन्सिल सेलवाले आणि आत लिथियम बॅटरी असलेले. रोलंडचा एसी-३३ पहिल्या घराण्यातला. आठ पेन्सिल सेल, दोन चॅनेल, विजेवर ३० वॉट आणि सेलवर २०. त्यांचाच क्यूब स्ट्रीट सहा सेलवर ५ वॉट देतो. दुसऱ्या घराण्यात फिशमनचा लाउडबॉक्स मिनी चार्ज आहे. तो ६० वॉटचा, पूर्ण जोरात चार तास आणि हळू वाजवल्यास अठरा तासांपर्यंत चालतो, पण वजन साडेनऊ किलोंच्या पुढे. त्याच घरचा लाउडबॉक्स मायक्रो ४० वॉटचा आणि चार किलोंच्या थोडा वर, मात्र त्यात बॅटरीच नाही. म्हणजे हलका, जोरदार आणि बॅटरीवाला, यांपैकी दोनच एका डब्यात मिळतात.

आमचं मत विचाराल तर पाठीवर गिटार घेऊन लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्याने पाच किलोंच्या वर जाऊ नये. नऊ किलोंचा अ‍ॅम्प दुकानात उचलताना काही वाटत नाही. दादरचा जिना चढताना वाटतं, आणि मग तो घरीच राहायला लागतो.

पेन्सिल सेलवाला घेतलात तर भिंतीच्या घड्याळात घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल घालू नका. अ‍ॅम्पने जोरात वीज ओढली की त्यांचा व्होल्टेज कोसळतो, आणि प्रत्येक खर्जाच्या फटक्याला आवाज गुदमरतो. अल्कलाइन चालतील. नेहमीच्या वापराला २००० मिलिअँपिअर-तासांचे निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल उत्तम. आठ सेल मिळून सुमारे १९ वॉट-तास होतात. सगळे एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले असावेत. एक जरी सेल मेला तरी साखळीतले बाकीचे असून नसल्यासारखे. महिनाभर वाजवणार नसाल तर सेल काढून ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात गळलेला सेल कप्प्यातली स्प्रिंग खाऊन टाकतो.

लिथियमवाल्यात एकच प्रश्न महत्त्वाचा: बॅटरी पुढे बदलून मिळते का, आणि कुठे? न वापरता ठेवताना ती अर्धी चार्ज करून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

नातेवाइकांकडून अमेरिकेतून मागवत असाल तर अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' छापलेलं आहे याचा फोटो आधी मागा. नुसतं '१२०' लिहिलेला अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टवर लावला की फ्यूज उडतो, आणि फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. अडॅप्टर हरवला म्हणून दुसरा घेताना व्होल्ट आणि अँपिअर तर जुळवाच, पण पिनच्या मधोमध धन आहे की ऋण हेही अ‍ॅम्पवरच्या खुणेशी ताडून बघा.

गाणारा असेल तर

दोन चॅनेल हवेतच, आणि दोन्हींना स्वतंत्र बास-ट्रेबल. काही स्वस्त अ‍ॅम्पमध्ये इनपुट दोन असतात पण टोनची बटणं एकच, तिथे गिटार सुधारायला गेलं की गळा बिघडतो. माइकसाठी एक्सएलआरचं (तीन पिनांचं गोल) भोक असावं. साधा डायनॅमिक माइक वापरणार असाल तर फँटम पॉवरसाठी (माइकला केबलमधून मिळणारी वीज) जादा पैसे मोजू नका, ती कंडेन्सर माइकला लागते. रिव्हर्ब (आवाजाला येणारा घुमारा) हवा, कोरस (एकच आवाज अनेकांचा वाटावा असा परिणाम) असला काय नसला काय.

घुमणं आणि शिट्टी

अकूस्टिक अ‍ॅम्पचा खरा कस फीडबॅकवर, म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज गिटारमध्ये किंवा माइकमध्ये परत शिरून घुमण्यावर, लागतो, म्हणून इथे थोडं थांबू. आवाज 'हूऽऽ' असा खालून घुमत असेल तर गिटार कारणीभूत. ड्रेडनॉट (मोठ्या पोटाच्या) आकाराच्या गिटारच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास डोलते, म्हणून ९८ हर्ट्झचा जी किंवा मोकळी ११० ची ए वाजवली की ती पेटते. 'कुईऽऽ' अशी वरची शिट्टी असेल तर बहुधा माइक. गिटारचा बास कमी करून ती जाणार नाही.

घुमणं थांबवायचा क्रम असा. पहिल्यांदा अ‍ॅम्प हलवा, त्याचं तोंड थेट गिटारच्या भोकाकडे नको. मग फेजचं (आवाजाच्या लहरी उलट्या करणारं) बटण दाबून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. नसेल होत तर नॉच किंवा अँटी-फीडबॅकची खुंटी हळूहळू फिरवत घुमणं गायब होईल ती जागा शोधा. नॉच अरुंद पट्टा कापतो, त्यामुळे आवाजाचा पोत फारसा बिघडत नाही. बास कमी करणं त्यानंतर. तरीही भागलं नाही तर भोकावर रबराचं झाकण लावा. फेज आणि नॉच दोन्ही नसलेला अ‍ॅम्प घरच्या रियाजाला चालेल, बाहेर वाजवायला घेऊ नका.

अ‍ॅम्प कोपऱ्यात भिंतीला टेकवला की खर्ज फुगतो. छोट्या ३ ते ५ इंची स्पीकरला कधी कधी हेच हवं असतं, साडेसहा इंचीला नको. आणि जमिनीवर ठेवलात तर मागे कललेला ठेवा, नाहीतर ट्विटर ऐकतात ते फक्त गुडघे.

दुकानात

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. सगळ्या खुंट्या मध्यावर, रिव्हर्ब बंद. काही न वाजवता आवाज मोठा करा: 'सूंऽ' किती येतो ते ऐका. गुणगुण येत असेल आणि तारांना बोट लावल्यावर कमी होत असेल तर दोष बहुधा गिटारच्या किंवा केबलच्या अर्थिंगचा. मग जाड ई जोरात छेडा आणि डबा खडखडतो का ते ऐका. त्यानंतर ही चाचणी अवश्य करा: माइकमध्ये एक सूर लांबवत धरा आणि त्याच वेळी खालच्या तारा जोरात वाजवा. प्रत्येक फटक्याला गळा दबत असेल तर लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं सर्किट) लवकर लागतोय, म्हणजे त्या आवाजाला हा अ‍ॅम्प अपुरा आहे. हेच सगळं पुन्हा बॅटरीवर करा. विजेवर छान आणि बॅटरीवर दमणारे अ‍ॅम्प बरेच असतात.

तीन पिनचा प्लग असेल तर अर्थची पिन मोडून दोन पिनच्या सॉकेटात घालू नका. एका हातात तारा आणि ओठांशी माइक असताना शॉक बसला तर तो थेट तोंडाला बसतो.

जुना अ‍ॅम्प घेत असाल तर जॅकमध्ये केबल घालून हलवा, प्रत्येक खुंटी फिरवून खरखर ऐका, सेलचा कप्पा उघडून हिरवट पावडर आहे का बघा. खुंटीची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, त्यावरून किंमत पाडा आणि घ्या. जॅक सैल असेल तर सोल्डरिंगचा खर्च धरा. आत बसवलेली लिथियम बॅटरी तासाभरात उतरत असेल आणि नवी मिळत नसेल, तर तो अ‍ॅम्प फक्त विजेवर चालणारा समजून त्याच भावाने मागा.