फिनचे लग तपासताना: स्ट्रेस विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

विमानाच्या भागांची मजबुती तपासणाऱ्या स्ट्रेस विभागात नवीन आलेली मुलं आधी फायनाइट एलिमेंट मॉडेल (भागाचे छोटे तुकडे पाडून ताण काढणारं संगणकी मॉडेल) उघडतात आणि जास्त ताणाचा लाल ठिपका शोधू लागतात. शेपटीच्या जोडांवर बरीच वर्षं काम केल्यावर माझं सांगणं एकच: आधी कागदावर फिन, म्हणजे विमानाची उभी शेपटी, काढा आणि भार कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवा.

हवेचा रेटा बाजूने, बऱ्याच उंचीवर लागतो आणि फिनचं बूड असतं अरुंद. त्यामुळे एका बाजूचे लग (फिनला विमानाच्या धडाशी जोडणारे, पिनसाठी भोक असलेले कान) ओढले जातात, दुसऱ्या बाजूचे दाबले जातात. रेट्याची उंची बुडाच्या रुंदीच्या चौपट धरली, तर एका बाजूच्या लगांवर मिळून रेट्याच्या चौपट ओढ येते. एवढं गणित हाताशी असलं की मॉडेलमधला चुकीचा आकडा लगेच खटकतो.

मग एकच लग घ्या. भोकाशेजारचा पट्टा ओढीने तुटेल का, पिनपुढचा तुकडा कातरून निघेल का, पिनखाली भोकाची कड चेपेल का? धातूचा लग कडेला थोडा यील्ड होऊन, म्हणजे न तुटता कायमचा ताणला जाऊन, ताण शेजारी वाटून देतो. कार्बन फायबर तशी सवलत फारशी देत नाही; तिथे चाचणीचे आकडे हवेतच. आणि चाचणीने सिद्ध न झालेल्या फिटिंगला, म्हणजे जोडाच्या भागाला, भार वाढवून धरणारा १.१५ चा फिटिंग फॅक्टर लावायचा असतो, तो विसरू नका.

अभ्यासाला एकच अपघात घ्यायचा तर अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७ घ्या. १२ नोव्हेंबर २००१, न्यूयॉर्क, एअरबस ए३००-६००. पुढे गेलेल्या ७४७ च्या वेकमध्ये (मागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यांत) सापडल्यावर को-पायलटने रडरचं, म्हणजे फिनच्या मागच्या हलत्या भागाचं, पेडल डावं-उजवं आलटून पालटून पूर्ण दाबलं. साइडस्लिप (विमानाचं बाजूला तिरकं सरकणं) वाढत गेली, सहा मुख्य लगांपैकी उजवीकडचा मागचा आधी तुटला आणि फिन सुटली. २६५ माणसं गेली. तुटताना भार लिमिट लोडच्या (वापरात अपेक्षित सर्वांत मोठ्या भाराच्या) जवळपास दुप्पट होता. नियम मागतो दीडपट. म्हणजे जोड कमजोर नव्हता. पेडल असं उलटसुलट दाबलं जाईल, हे भार ठरवणाऱ्या नियमातच नव्हतं. मॅन्युव्हरिंग स्पीडच्या (विमानाची रचना करताना ठरवलेल्या एका वेगाच्या) खाली रडर कसाही वापरला तरी चालतो, असा कित्येक वैमानिकांचा समज होता. अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने त्यासाठी २५.३५३ हा वेगळा नियम आणला तो २०२२ मध्ये, आणि मला हा उशीर फार वाटतो.

अमेरिकेच्या अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीचा या अपघातावरचा २००४ चा अहवाल मोफत मिळतो. त्यातला लगच्या चाचण्यांचा भाग सावकाश वाचा. आणि भार काढणाऱ्या लोड्स विभागाकडून आकडे आले की ते कुठल्या मॅन्युव्हरचे (विमानाच्या हालचालीचे) आहेत, हे विचारल्याशिवाय हिशेबाच्या शीटवर उतरवू नका.