वाड्याचा चौक, ओसरीतला चेहरा : शॉटागणिक एक्स्पोजर कसं टिकवायचं

भर दुपारी वाड्यात शूट असेल तर आधी उजेड मोजणारा लाइट मीटर काढा, कॅमेरा नंतर. २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), १८० अंश शटर (दर फ्रेमला १/५० सेकंद), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० असेल तर चौकातल्या उन्हाचं रीडिंग एफ ६४ च्या आसपास येतं. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; रीडिंग जितकं मोठं, तितका उजेड जास्त. ओसरीत खांबाआड बसलेल्या पात्राच्या चेहऱ्यावर एफ ४ मिळालं, तर मधे आठ स्टॉपची दरी आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

मास्टर शॉट (अख्खा सीन एका फ्रेममध्ये) कसाबसा निभावतो. पंचाईत होते क्लोजअपला. चौक फ्रेमबाहेर गेला की मॉनिटरवर चेहरा काळवंडलेला वाटतो आणि नवखा हात हमखास आयरिसकडे, म्हणजे लेन्सचं छिद्र कमीजास्त करायला, जातो. मग एडिटला तेच पात्र कटागणिक उजळतं नि विझतं. ऑटो आयरिस किंवा ऑटो आयएसओ चालू राहिलं असेल तर शॉट चालू असतानाच हे घडतं.

दरी आधी उजेडानेच कमी करा. चौकावर कापड ताणून ऊन दोन स्टॉप खाली आणलं की ते एफ ३२ होतं. चेहऱ्यावर चौपट उजेड टाकला की एफ ८. आता फरक चार स्टॉप. चौक झगझगीत दिसेल, पण लॉगमध्ये (उजेड-सावलीचा जास्त तपशील राखणारं फिकट रेकॉर्डिंग) शूट करत असाल तर चांगल्या कॅमेऱ्यात सहसा फाटणार नाही, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होणार नाही. लेन्स टी ४ वर (टी म्हणजे लेन्समधून प्रत्यक्ष पोचणाऱ्या उजेडाचा आकडा) ठेवायची असेल तर ०.६ चा एनडी, म्हणजे दोन स्टॉप उजेड अडवणारा फिल्टर, लावा. त्यानंतर सीन संपेपर्यंत आयरिस आणि आयएसओला हात नाही. बदल करायचा तो लाइट, कटर (उजेड अडवणारा काळा पडदा), थर्माकोल (उजेड परतवणारा) यांच्यातच.

प्रत्येक सेटअपला तीन रीडिंग घ्या : उजेडाकडचा गाल, सावलीकडचा गाल, पार्श्वभूमी. उजळ गाल एफ ८, सावलीचा एफ २.८, म्हणजे तीन स्टॉप. क्लोजअपला सावली थोडी उचलावीशी वाटते. अर्धा स्टॉप खपतो, त्याहून जास्त नको. पात्र दिव्याच्या दिशेने सरकलं तर पुन्हा मोजा. दोन मीटरवरून एक मीटरवर आलं की दोन स्टॉप वाढतात!

फॉल्स कलरमध्ये (मॉनिटरवर एक्स्पोजरचे स्तर वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी सोय) प्रत्येक चेहरा गुलाबी दिसलाच पाहिजे, हा हट्ट सोडा. अनेक कॅमेऱ्यांत गुलाबी म्हणजे मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप वर. सावळी त्वचा तिथे ओढली की तिचा पोतच जातो. त्या पात्राचा स्तर पहिल्या शॉटला ठरवा आणि तोच राखा.

लेन्स बदलताना एफ नव्हे, टी आकडा जुळवा. स्वस्त झूम आत नेताना ३.५ वरून ५.६ वर घसरतात, म्हणजे जवळजवळ दीड स्टॉप. व्हेरिएबल एनडी (फिरवून गडद-फिका करता येणारा) तर शक्यतो टाळाच : फिरवताना रंग सरकतो, वाइड लेन्सला काळपट फुली उमटते.

चौक दिसणारे सगळे शॉट, दोन्ही बाजूंचे, ऊन सरकण्याआधी उरकून घ्या. क्लोजअप संध्याकाळीही दिव्यावर होतात, फक्त दुपारची तिन्ही रीडिंग, एनडी, दिव्याचं अंतर आणि मास्टरची एक स्थिर फ्रेम हाताशी हवी.