पाण्याखाली खेळायचा बॉल घरच्या घरी कसा बनवायचा

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पोहण्याच्या बॅचेस फुल होतात. पोरं पाण्यात बॉल घेऊन उतरतात, पण तो हवेचा असतो. खाली दाबला की सटकन वर उसळतो, म्हणजे खेळ सगळा पाण्याच्या वरच. पाण्याखाली खेळायला वेगळा बॉल लागतो. हातातून सोडला की जागच्या जागी तरंगत राहणारा किंवा दमादमानं खाली जाणारा, आणि पास दिला की दोनेक मीटर सरळ जाणारा. असा बॉल घरी करता येतो, खर्च फार नाही. फक्त आधी थोडं डोकं लावावं लागतं, नाहीतर नुसतं पाणी भरून बसाल आणि बॉल एकतर वर येत राहील किंवा दगडासारखा तळाला जाईल.

या प्रकारातला गाजलेला खेळ म्हणजे अंडरवॉटर रग्बी. 1961 साली जर्मनीत कोलोनच्या डायव्हिंग क्लबमधल्या लुडविग फॉन बेर्सुडा यांनी बॉलमध्ये मिठाचं पाणी भरलं आणि तो बुडायला लागला, तिथनं हा खेळ सुरू झाला, 1980 पासून त्याच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप होतात. साडेतीन ते पाच मीटर खोल पाण्यात, तळाला ठेवलेल्या बादलीसारख्या गोलमध्ये बॉल टाकायचा. त्यांचा बॉल सेकंदाला साधारण एक मीटर या स्पीडनं खाली जातो. आपल्या तलावावर चार-पाच फूट पाण्यात खेळणाऱ्या पोरांना एवढा जड बॉल अजिबात नको, पण आयडिया तीच, हवा काढा आणि मिठाचं पाणी भरा.

आता मुद्द्याचं बोलू. बॉल जमिनीवर किती जड लागतो याला इथं काडीची किंमत नाही, पाण्यात बुडवल्यावर त्याचं किती वजन उरतं तेच बघायचं. तीन लिटर पाणी मावणारा बॉल बाहेर काढला की तीन किलोच्या वर भरतो, पण पाण्यात त्याचं वजन पन्नास ग्रॅमसुद्धा असू शकतं. हे उरलेलं वजन ठरवलं की बॉलचा स्वभाव ठरला. आणि पाण्याचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणून बॉल दुप्पट वेगानं बुडायला पाहिजे असेल तर उरलेलं वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावं लागतं. हे लक्षात ठेवलं की मीठ किती टाकायचं याचा अंदाज चुकत नाही.

बॉल कुठला घ्यायचा? गड्डा यात्रेत मिळतात ते पातळ प्लास्टिकचे रंगीत बॉल घेऊ नका, पाणी भरलं की वजनानं शिवण फाटते आणि धरायलाही ते निसरडे. शिलाईचा फुटबॉलही नको, दोऱ्यातनं पाणी शिरतं आणि क्लोरीननं त्याचं वरचं कव्हर आणि गोंद सुटायला लागतो. नवी पेठेत कुठल्याही स्पोर्टच्या दुकानात तीन नंबरचा रबरी बास्केटबॉल मागा, लहान पोरांचा असतो तो, व्यास साधारण 18 सेंटिमीटर, तीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. अंगावर दाणे असतात म्हणून ओल्या हातातही बसतो आणि एकसंध रबर असल्यानं पाणी पीत नाही. घेताना व्हॉल्व, म्हणजे हवा भरायचं भोक, बघून घ्या, हवेची सुई घातल्यावर घट्ट बसली पाहिजे आणि काढली की भोक आपोआप मिटलं पाहिजे. रंग पिवळा नाहीतर नारंगी घ्या. निळ्या फरशीच्या तलावात निळा-पांढरा बॉल गायबच होतो आणि मे महिन्यात गर्दीनं पाणी गढूळ झालं की भडक रंगच दिसतो.

साइजचा अजून एक फायदा-तोटा आहे. मोठा बॉल पाण्यात लांब जातो, लहान बॉल लगेच थांबतो, कारण बॉल स्वतःच्या व्यासाच्या साधारण साडेचार पट अंतर गेला की त्याचा स्पीड जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणजे आपला 18 सेंटिमीटरचा बॉल ऐंशी सेंटिमीटरमध्येच बराच मंदावतो, म्हणून पाण्याखाली पास फेकायचा नसतो, तळहात मागे लावून लांब ढकलायचा असतो. आठ-दहा वर्षांच्या पोराला मात्र यापेक्षा मोठा बॉल एका हातात आवरत नाही, म्हणून हीच साइज बरी.

भरायचं सामान: बॉलमध्ये हवा भरायची सुई, गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी पाच-सहा मीटर, बाइंडिंग वायर, एक बादली, जाडं मीठ आणि गाळायला सुती कापड. सुईचा आट्याचा भाग नळीत दाबून बसवा, बसत नसेल तर नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं की मऊ होतं, आणि वरून वायर पिळून टाका. बादली गच्चीवर ठेवायची, नळीचं एक टोक बादलीत, दुसरं खाली अंगणात बॉलला. एका मजल्याच्या उंचीनं तेवढं प्रेशर मिळतं की पाणी सुईतनं आपोआप आत जातं. अर्धा-पाऊण तास लागतो, घाई करायची नाही. फवारणीच्या पंपानं लवकर भरतं पण पंप नवा कोरा असेल तरच, औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला वापरू नका, ते पाणी उद्या पोरांच्या तोंडात जाऊ शकतं.

भरायच्या आधी बॉलमधली हवा पूर्ण काढायची. सुई घालून दोन्ही हातांनी दाबा, बॉल पिचकला पाहिजे. मग तो तसाच पिचकलेला ठेवून नळी जोडा. नळीतसुद्धा आधी पाणी भरून घ्या, नाहीतर नळीतली सगळी हवा बॉलमध्ये जाते.

हवा काढण्यावर मी एवढा जोर का देतोय ते सांगतो, कारण बहुतेक बॉल इथंच बिघडतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. समजा आत 200 मिली हवा राहिली. दोन मीटर खोलीवर दाब साधारण वीस टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे तीच हवा 167 मिलीवर येते. म्हणजे खाली गेल्यावर बॉल तीसेक ग्रॅमनं जड झाला. वर तरंगणारा बॉल खाली नेला की बुडायला लागतो आणि वर आणला की परत उसळतो, एका जागी राहतच नाही. शिवाय हवेचा बुडबुडा कायम वरच्या बाजूला पळतो, पास देताना बॉल डगमगतो. भरून झाल्यावर बॉल कानाजवळ धरून हलवा, आतनं गुडगुड आवाज आला की हवा आहे. व्हॉल्व वर करून सुई घाला आणि हळूच दाबा, आधी हवा फुसफुसत येते, मग पाण्याची चिळकांडी उडते. परत थोडं पाणी भरा, परत दाबा. गुडगुड थांबेपर्यंत हेच चालू ठेवायचं. आणि शेवटी बॉल टम्म करायचा नाही, अंगठ्यानं दाबला तर थोडा आत जाईल एवढाच भरा, म्हणजे पकड चांगली येते आणि रबरावर ताणही येत नाही.

आता मीठ. रबराचं स्वतःचं वजन पाण्यातही थोडं उरतं, तीनशे ग्रॅमच्या बॉलचं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम धरा, म्हणून नुसत्या साध्या पाण्यानं भरलेला बॉलसुद्धा हळूहळू बुडतोच. नवशिक्या पोरांना तोच द्या. थोडा चपळ पाहिजे असेल तर लिटरला 25-30 ग्रॅम मीठ, मग पाण्यातलं वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास जातं आणि चार फूट पाण्यात सोडला की तळाला टेकायला साधारण चार सेकंद लागतात. बुडी मारून पकडायच्या खेळाला हे एकदम बरोबर. मोठी माणसं खोल पाण्यात खेळणार असतील तर लिटरला 90 ग्रॅम, वजन दोनशे ग्रॅमपर्यंत. आणि रग्बीवाल्यांसारखा सेकंदाला मीटरभर जाणारा करायचा तर विरघळेल तेवढं मीठ लागतं, लिटरला साडेतीनशे ग्रॅम, त्याच्या पुढं पाणी मीठ घेतच नाही. कोमट पाण्यात मीठ लवकर विरघळतं, पण गार झाल्यावर दोनदा कापडानं गाळूनच भरा, जाड्या मिठातला कचरा सुईत अडकला की सगळं काम अडतं. मिठाचा अजून एक फायदा म्हणजे कडक खारट पाण्यात शेवाळ-बुरशी धरत नाही, साध्या पाण्याचा बॉल मात्र पंधरा दिवसांनी रिकामा करून परत भरा नाहीतर आतलं पाणी वास मारतं. वाळू किंवा छर्रे आत घालायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, वजन एका बाजूला पडतं आणि बॉल फाटला की तलावाच्या फिल्टरची वाट लागते. मिठाचं पाणी सांडलं तरी लाखो लिटरच्या तलावाला काही फरक पडत नाही.

वजन मोजायला आपल्याकडं सोलापुरात कांद्याची जाळीची पिशवी घरोघरी सापडते, तीच घ्या. बॉल जाळीत घाला, बॅगा मोजायचा डिजिटल हुकवाला काटा वर पकडा आणि बॉल पूर्ण पाण्याखाली जाईल असा लोंबकळत ठेवा. पाण्याच्या टाकीत नाहीतर मोठ्या पिंपात हे काम होतं. बॉल कुठं टेकता कामा नये, जाळीतले बुडबुडे झटकून टाका. काटा दाखवेल तेच तुमचं पाण्यातलं वजन. जास्त वाटलं तर थोडं खारट पाणी काढून साधं भरा, कमी वाटलं तर उलटं. हे दोन-तीनदा करावं लागतं आणि करावंच, कारण प्रत्येक बॉलचं रबर कमी-जास्त जाड असतं.

व्यायामासाठी करत असाल तर मीठ नकोच. आमच्याकडं सकाळच्या बॅचला गुडघेदुखीवाले काका-काकू येतात, त्यांना छातीएवढ्या पाण्यात उभं करून साध्या पाण्याचा बॉल दोन्ही हातात द्यायचा, पाण्याखालीच छातीपासून पुढं ढकलायचा आणि परत ओढायचा. बॉलच्या आतलं तीन लिटर पाणी हलवावं लागतं, वर बॉलच्या भोवतीचं पाणीही हलवावं लागतं, म्हणून तो उचलायला हलका पण ढकलायला चांगलाच जड लागतो. सावकाश ढकला, जोर कमी लागतो. स्पीड दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो. म्हणजे किती दमायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, वेगवेगळी वजनं आणायची गरज नाही. उजवीकडून डावीकडे कमरेतनं फिरवायचा हा प्रकारही चांगला आहे, पण पाय तळाला घट्ट रोवून. ज्यांना खांद्याचं दुखणं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

पोरांच्या खेळात एक नियम मात्र कडक ठेवा. बुडी मारायच्या आधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं जास्त वेळ खाली राहता येतं असं पोरांना वाटतं, पण अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची तलफच लागत नाही आणि पोरगं पाण्याखालीच बेशुद्ध पडतं, आवाज नाही, धडपड नाही. म्हणून एकजण कायम वर काठावर, त्यानं खेळायचं नाही, फक्त डोकी मोजायची. एका बुडीत एकच पास, मग वर येऊन दोन-तीन साधे श्वास, मगच परत खाली. खोल बाजूला खेळणाऱ्यांनी पोहायचे गॉगल न घालता नाक झाकणारा मास्क घालावा, गॉगलमधला दाब नाकातनं सारखा करता येत नाही आणि डोळ्यांना ओढ बसते. आणि भरलेला बॉल काठावरून पाण्यात फेकायचा नाही, तीन किलो वजन आहे, खाली कुणाचं डोकं असलं तर काय होईल. हातानं उतरवायचा, हातानं वर घ्यायचा.

विहिरीचं विचारतात बरेच जण, कारण आपल्याकडं उत्तर सोलापूर, मोहोळकडची निम्मी पोरं पाठीला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकलीत. विहिरीत बुडणारा बॉल नेऊच नका. चाळीस-पन्नास फूट खोल विहिरीत तो गेला की गेला, आणि त्याच्या मागं एखादं पोरगं गेलं तर परत आणायला कोण जाणार? बॉलला दोरी बांधायचंही नको, पाण्याखाली पायात गुंतते. तिथं मुद्दाम 100 मिलीच्या आसपास हवा आत ठेवलेला साध्या पाण्याचा बॉल न्या, सोडला की हळूहळू आपोआप वर येतो. मघाशी हवेला नाही म्हणालो ते खोल खेळायच्या बॉलसाठी, हा वरच्या हात-दोन हात पाण्यातच खेळायचा आहे, तेवढ्यात हवा फारशी आकसत नाही. बॉल किती वर येतो ते आधी पिंपात बघून घ्या.

खेळून झालं की बॉल साध्या पाण्यानं धुवा, सुई गोड्या पाण्यात खंगाळून पुसून ठेवा, मिठानं ती दोन दिवसांत गंजते. बॉल गच्चीवर उन्हात टाकून देऊ नका, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रबराला चिरा पडायला वेळ लागत नाही. सीझन संपला की पाणी पूर्ण काढा, आत एकदा साधं पाणी फिरवून तेही काढा आणि थोडीशी हवा भरून सावलीत ठेवा, पिचकलेला ठेवला तर घडीवर रबर चिकटतं.