भरवशाचा कर्नल जपून ठेवा

उदगीरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पीसीवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स सिस्टिम. जुलैत पीक विम्याची गर्दी असताना रात्री अपडेट मारलं आणि सकाळी वायफाय गायब. वायफायच्या डोंगलचा ड्रायव्हर बाहेरून घातलेला, अपडेटमध्ये आलेल्या नव्या कर्नलसाठी (कर्नल म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) तो तयारच झाला नव्हता. दारात शेतकरी सातबारा घेऊन उभे. रिस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे पीसी सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून आधीचा कर्नल निवडला, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

तेव्हापासून अपडेटआधी टर्मिनलमध्ये 'युनेम -आर' ही कमांड देते आणि चालू कर्नलचा नंबर वहीत लिहिते. एकामागून एक अपडेट येत गेले की 'ऑटोरिमूव्ह' जुने कर्नल काढून टाकतं, त्यात आपला भरवशाचाही जातो. म्हणून त्या नंबरच्या इमेज पॅकेजला (यातच कर्नल असतो) 'एपीटी-मार्क मॅन्युअल' लावा, म्हणजे ते आपोआप काढलं जात नाही. त्याच नंबरचं मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज असेल तर त्यालाही लावा. वायफायचे बरेच ड्रायव्हर त्यात असतात. ते गेलं तर पीसी सुरू होईल, नेट मिळणार नाही. बूटचं, म्हणजे कर्नलच्या फाइली राहतात त्या फोल्डरचं, पार्टिशन वेगळं असेल तर 'डीएफ -एच' देऊन जागा बघा. ते भरलेलं असलं की नवा कर्नल अर्धवट बसतो.

मग ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधली ग्रबची फाइल उघडा. टाइमआउट स्टाइल 'मेनू', टाइमआउट १०, डिफॉल्ट 'सेव्हड' आणि डिसेबल सबमेनू 'वाय' करा. सेव्ह करून 'अपडेट-ग्रब' चालवा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ला जुन्या कर्नलचं यादीतलं पूर्ण नाव द्या आणि 'ग्रब-रीबूट'ला नव्याचं. यादीतला कितवा हा क्रमांक देऊ नका, नवा कर्नल आला की ते क्रमांक सरकतात. 'ग्रब-रीबूट'चं सांगणं फक्त पुढच्या एका वेळेपुरतं असतं. नवा कर्नल मध्येच अडकला तर बटण दाबून बंद करा, परत चालू करा. पीसी आपोआप जुन्यावर येतो. मी नसताना दुकानात भाचा बसतो, त्याला एवढंच सांगून ठेवलंय. बूट फोल्डर एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर (डिस्कवर डेटा मांडायच्या वेगळ्या पद्धती) असेल तर मात्र हे करू नका. तिथे ग्रबला लिहिता येत नाही, त्यामुळे एकदाची निवड पुसली जात नाही.

नव्या कर्नलवर वायफाय, प्रिंटर, स्कॅनर प्रत्यक्ष वापरून बघते. आठ दिवस नीट गेले की त्याला डिफॉल्ट करते. जुन्याला 'एपीटी-मार्क ऑटो' लावून मोकळं करायचं ते त्याच्या पुढचा कर्नलही असाच तपासून झाल्यावर.